मंगळवारची जागा

माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं. म्हणून हे लिहायला किती दिवस लागले ते विचारू नका. अक्षरं माझी वाकडी येतात, आकडे मात्र सरळ येतात, कारण सराफ्यात पन्नास वर्षं मी आकडाच सांगत आलो. मी सोन्याचा कस लावणारा. काळ्या दगडावर दागिना घासायचा, त्या रेघेवर तेजाबाचा थेंब सोडायचा, रेघ किती टिकते ते बघायचं आणि सांगायचं की शंभरात सोनं किती खरं. ह्यालाच आम्ही टंच म्हणतो. आता मशीन आली आहे, डबीत दागिना ठेवला की आकडा पडद्यावर. तरी दोन दुकानवाले मशीन बघून झाल्यावर मला विचारत, "दादा, तुम क्या कहते हो?" विचारत होते, असं लिहायला पाहिजे. आता मी तिथं जात नाही.

जबलपुरात, दीक्षितपुऱ्यातल्या माझ्या घरापासून सराफा पायी दहा मिनिटं. गेल्या वर्षी एका दुपारी मी त्याच रस्त्यानं घरी येऊन राहिलो होतो. हातात पिशवी, पिशवीत मेथी. ऊन नव्हतं, दमही लागला नव्हता. एकदम छाती धडधडायला लागली. बोटांना मुंग्या आल्या, जीभ कोरडी पडली, आणि दोन्ही बाजूंची दुकानं माझ्याकडे सरकून राहिली आहेत असं वाटलं. मला कळलं की मी आता मरतो. एका चपलांच्या दुकानाच्या पायरीवर मी बसलो. लोक जमले. कोणी पाणी दिलं, कोणी माझी पिशवी धरली. मुलगा आला, गाडीवर मधे बसवून, मागून शेजाऱ्याला धरायला लावून त्यानं मला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं.

छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली. चांगली निघाली.

असं चार वेळा झालं. चारही वेळा मी मरायला गेलो आणि चारही वेळा पट्टी चांगली निघाली. चौथ्या वेळी डॉक्टर हसले. "दादाजी, आपका दिल तो मुझसे अच्छा है. आप नौ नंबर कमरे में दिखाइए." नऊ नंबरच्या दारावर काय लिहिलं आहे ते मुलानं वाचलं आणि मला सांगायला टाळाटाळ केली. मी अक्षरं जुळवत स्वतःच वाचलं. मनाचा दवाखाना.

मी तिथूनच परत फिरलो.

"बाबा, आता तसं नसते," मुलगा मागून म्हणून राहिला होता. "पहिले दूर कुठंतरी नेऊन टाकत होते. आता सरकारनंच नियम केला, हे इलाज इथंच, जिल्ह्याच्या दवाखान्यात. फुकट आहे."

"फुकट आहे म्हणून मी पागल होऊ काय?"

घरी आलो तर बायकोनं तिसरीच गोष्ट काढली. "काहून हो, तुमचं ते सत्तरच्या वरच्यांचं फुकट इलाजाचं कार्ड बनवलं ना? ते घेऊन चांगल्या खाजगी दवाखान्यात जा. तिथं गादी असते." ते कार्ड मुलानं माझा अंगठा मशीनवर पाच वेळा दाबून बनवून आणलं होतं. तेजाबानं माझ्या अंगठ्याच्या रेघा कधीच्या गेल्या, मशीनला मी सापडतच नव्हतो. कार्ड घेऊन आम्ही एका खाजगी दवाखान्यात गेलो. काउंटरवरची मुलगी गोड बोलली. म्हणाली, भरती व्हाल तर कार्ड चालेल. नुसतं बसून बोलायचं असेल तर चालत नाही, कार्ड पलंगासाठी आहे. मुलानं विचारलं, ह्यांना पलंगाची गरज नाही तर काय करायचं? तिनं कागद वर-खाली केले. "तो भी दो दिन भरती कर लेते हैं, आराम हो जाएगा." ज्याला काही झालं नाही त्यानं आजारी म्हणून पलंगावर निजायचं. मी मुलाला म्हटलं, चल. खोट्या गोष्टीवर माझा अंगठा लागणार नाही. हे मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं. पुढं काय झालं ते वाचा, मग माझ्या तोऱ्याला हसा.

पाचव्या वेळी गल्लीत नाही, घरातच झालं, ताटावर बसलो असताना. त्यानंतर मी नऊ नंबरमध्ये गेलो.

तिथं एक दीदी बसत होती. वय माझ्या मुलापेक्षाही कमी, डोळ्याखाली काळं. मला वाटलं ती गोळ्या लिहील. तिनं कोरा कागद काढला, त्यावर चार रकाने आखले आणि एक लांबलचक इंग्रजी नाव घेतलं. मग म्हणाली, "बस सीबीटी कहिए, दादाजी. इसमें बात करते हैं, लिखते हैं, और जिससे डर लगता है उसके पास थोड़ा-थोड़ा जाते हैं." पहिल्या रकान्यात काय झालं ते. दुसऱ्यात तेव्हा डोक्यात काय आलं ते. तिसऱ्यात भीती किती, शंभरात. चौथ्यात, जे डोक्यात आलं ते खरं असल्याचा पुरावा काय आणि खोटं असल्याचा काय.

मी म्हटलं, "शंभरात भीती किती, म्हणजे टंच?"

तिला टंच म्हणजे काय ते सांगावं लागलं. ती ऐकत बसली, बाहेर लाइन असतानाही. मग म्हणाली, "हाँ. बिलकुल वही. तो बताइए, उस दिन गली में कितना था?"

"पंच्याऐंशी."

ह्या एका आकड्यावर मी त्या खोलीत बसायला तयार झालो. हे काम मला येत होतं.

तिनं सांगितलं की असं आठ-दहा वेळा बसावं लागेल, दर मंगळवारी. रोज गल्लीच्या नाक्यापर्यंत जायचं. धडधड सुरू झाली तर पळायचं नाही, ती उतरेपर्यंत तिथंच उभं राहायचं, आणि आकडा लिहायचा. भीती पहिले चढेल, मग आपोआप उतरेल. तिच्या हिशेबानं भीती पाण्यासारखी होती, चढली की उतरणारच.

दुसऱ्या दिवशी मी नाक्यावर गेलो. चढली. उतरायची वाट पाहणं माझ्यानं झालं नाही. मी पळालो. म्हणजे ह्या वयात जेवढं पळता येतं तेवढं. आकडा लिहिला, अठ्ठ्याऐंशी. तो खरा होता.

पुढच्या मंगळवारी तिनं वही पाहिली आणि म्हणाली, "कोई बात नहीं." पण तिचा चेहरा पडला, किंवा मला तसा दिसला. बाहेर आल्यावर मुलानं विचारलं, "बाबा, आकडा काय आला?" त्यानं अर्ध्या दिवसाची सुटी काढली होती. घरी गेल्यावर बायकोनं विचारलं. शेजारणीनं खिडकीतून विचारलं. सगळ्या दीक्षितपुऱ्याला माझा आकडा पाहिजे होता.

त्या आठवड्यात मी नाक्यावर गेलोच नाही. आतल्या खोलीत खाटेवर बसून वही भरली आणि साठ लिहिलं.

दीदी अशी हसली! "शाबाश, दादाजी." शाबाश हा शब्द मी माझ्या उस्तादाच्या तोंडून ऐकला होता, त्यालाही पंचावन्न वर्षं होत आली. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला कोण शाबाश म्हणतं? मुलानं त्या दिवशी मला जिलेबी खायला घातली. पुढच्या वेळी मी पन्नास लिहिलं. मग चाळीस. एकदम उतरवलं तर कळेल, म्हणून मधे एकदा मुद्दाम पंचेचाळीस लिहिलं. हे मी लिहितो आहे तर माझा कान तापून राहिला. जवान असताना एका शेटजीनं माझ्या टंचावर नुसता शक घेतला, तर मी दगड, तेजाबाची बाटली, बसायचं पोतं उचलून त्याच्या दुकानातून उतरलो होतो. परत ती पायरी चढलो नाही. तोच मी, आतल्या खोलीत बसून पितळेला सोन्याचा आकडा लावत होतो.

नाक्यावर जायचं म्हणून मी पायात चपला घालायचो आणि अंगणातल्या नळापाशी उभा राहायचो. बायको भाजी निवडत पाहायची. 

मला काय माहीत की आकड्याला पाय असतात. नवीन कारभारात एक नियम होता, तो मला कोणी सांगितला नव्हता, आणि सांगितला असता तरी मी ऐकला नसता. दीदीला आधी पाच दिवस ह्याच दवाखान्यात बसायचं होतं. मग वरून हुकूम आला की गावांनाही हा इलाज मिळाला पाहिजे. बरोबर आहे, गावच्या माणसालाही मन असते. म्हणून तिला दोन दिवस सिहोऱ्याला आणि दोन दिवस दुसरीकडे पाठवलं. इथं राहिला एक मंगळवार. लाइन तेवढीच. तेव्हा असं ठरलं की ज्याचा आकडा लागोपाठ दोनदा तीसच्या खाली गेला त्याची फाइल बंद करायची, पुढं त्याला फोनवर विचारायचं, आणि त्याची जागा दुसऱ्याला द्यायची.

मी अठ्ठावीस लिहिलं. मग पंचवीस.

"बधाई हो, दादाजी!" ती उभी राहिली. "अब आपको आने की ज़रूरत नहीं. महीने में एक फ़ोन आएगा."

मी दोन्ही हात जोडले. बाहेर आलो तेव्हा माझी बनियान पाठीला चिकटली होती. मुलानं तिथूनच त्याच्या साहेबाला फोन लावला, "सर, बाबा ठीक हो गए. अब छुट्टी नहीं लगेगी." गाडीवर मागे बसलो होतो, तिथंच सुरू झालं. छाती, बोटं, जीभ, सगळं. मी त्याचा शर्ट घट्ट धरला. तो म्हणाला, "काय झालं बाबा?" मी म्हटलं, "काही नाही, गाडी हळू चालव."

घरी तो कामावर निघून गेला आणि बायको माझ्यापुढं चहा ठेवून समोर बसली.

"झाले ठीक?"

"हो."

"नाक्यावरून मिठाची पुडी आणून द्या मग."

मी चहा बशीत ओतायला लागलो.

"मले काय आंधळी समजता? दीड महिना नळापाशी उभे राहून चपला झिजवल्या. त्या पोरीले खोटं सांगितलं ना तुम्ही?"

"तू गप्प बस."

"मी गप्पच होती. म्हणूनच हे झालं." तिनं मिठाचा डबा माझ्यापुढं आपटला. डबा भरलेला होता. "आता काय करता? घरातच बसता मरेपर्यंत? सांगा पोराले."

पोराला सांगणं होत नव्हतं. त्यानं साहेबाला सांगितलं होतं, शेजाऱ्यांना सांगितलं होतं, देवापुढं नारळ फोडला होता. म्हणून मी ठरवलं की मंगळवारी एकटंच जायचं आणि दीदीला सांगायचं. बायको म्हणाली, मी येते. मी नाही म्हटलं. जिद्द माझी, दुसरं काय. तिच्यासमोर कबूल करायचं आणि परत दीदीसमोर, असं दोनदा माझ्यानं होणार नव्हतं.

मंगळवारी सकाळी मी चपला घातल्या, नळ ओलांडला, दार ओलांडलं. नाक्यापर्यंत गेलो. ई-रिक्षात बसलो. समोर एक बाई मांडीवर कोबी घेऊन बसली होती. रिक्षा गर्दीत अडकली आणि भीती चढायला लागली. उतरून जावं तर कुठं? मागंही तेवढंच अंतर, पुढंही तेवढंच. मी लोखंडी दांडा धरला. कोबीकडे पाहत राहिलो. मनात म्हणत होतो, पट्टी चार वेळा चांगली निघाली, चार वेळा चांगली निघाली. त्या बाईनं विचारलं, "बाबूजी, तबियत ठीक है?" मी म्हटलं, "नहीं." दीड महिन्यात मी खरं बोललेला पहिला शब्द हाच असेल.

दवाखान्यापर्यंत भीती उतरली नाही. थोडी पातळ झाली, एवढंच.

दीदीच्या खोलीत दोन माणसांच्या मधे मी घुसलो. ती म्हणाली, "अरे दादाजी! आप तो ठीक हो गए थे?"

मी वही टेबलावर ठेवली. म्हटलं, "ह्यातले साठपासून खालचे सगळे झूठ आहेत." मी मराठीत बोललो हे मला नंतर कळलं. मग हिंदीत म्हटलं. उभ्यानंच म्हटलं, बसलो असतो तर निघालं नसतं. "मैं नुक्कड़ पर गया ही नहीं. घर में बैठकर लिखा."

मला वाटलं ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं, मीही चिडलो असतो. ती वही चाळत राहिली. "क्यों, दादाजी?"

"आप शाबाश बोलती थीं."

तिनं चष्मा काढला, डोळे चोळले. "गलती मेरी भी है. मुझे आपके साथ नुक्कड़ तक जाना चाहिए था. यहाँ से निकल नहीं पाती." मग तिनं कंप्यूटर माझ्याकडे फिरवला. माझ्या नावापुढं हिरवी खूण होती. "फ़ाइल बंद है. मैं खोल नहीं सकती, और आपकी जगह भी भर गई. नया पर्चा बनेगा, फिर से लिस्ट में नाम लगेगा."

"कितने दिन?"

"दो महीने. ज़्यादा भी लग सकते हैं."

"आणि तोपर्यंत?"

"फ़ोन का नंबर है. चौबीस घंटे कोई बात करता है."

मी म्हटलं, फोनवर मी बोलू शकत नाही. घर दोन खोल्यांचं, शिंकलो तरी शेजारी ऐकतो. ती दाराकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, "एक काम कीजिए. मंगलवार को आकर बैठ जाइए. जिसका नंबर हो और वो न आए, उसकी जगह मैं आपको ले लूँगी. तीन बार पुकारते हैं, फिर अगला."

खाली खिडकीवर नवीन पर्चा बनवला. खिडकीवाला म्हणाला, "दादा, पहली बार आए हो?" मी हो म्हटलं.

मुलाला त्याच संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे जिलेबी फुकट गेली." मग उठून बाहेर गेला. बराच वेळ आला नाही. आता तो रोज कामावर जाताना मला नाक्यापर्यंत सोबत नेतो आणि तिथं सोडून निघून जातो. मागं वळून पाहत नाही. मला वाटते ते मुद्दाम आहे. मी उभा राहतो, जेवढं होतं तेवढं. कधी दहा मिनिटं, कधी दोनच. जो आकडा असेल तो लिहितो. पण एकट्यानं लिहून ते पूर्ण होत नाही. लिहिलेलं कोणी वाचून, हे असं का वाटलं दादाजी, असं विचारावं लागते. ते विचारणारं माणूस जबलपुरात माझ्यासाठी मंगळवारी एक, आणि तिच्या दारात मी सहावा मंगळवार बसतो आहे.

बाकावर बसून मी काय करतो ते लिहायला लाज वाटते. मी लोक मोजतो. ज्यांच्या हातात आजचा पर्चा आहे ते आले का, पाहतो. कोणाचा चेहरा दिसला नाही की माझ्या जिवाला बरं वाटते. एका मंगळवारी पाऊस लागला होता तर मी खूश झालो, आज कोणी येणार नाही. सगळे आले, ओले होऊन. दुसऱ्याच्या मनाचा इलाज चुकावा म्हणून मी टपून बसतो. हे माझ्यात कुठं होतं, मला माहीत नव्हतं. छातीची धडधड एकीकडे आणि ही भीती दुसरीकडे, की आजही नाही आणि मग आठ दिवस परत ते सगळं एकट्यानं.

काल असाच बसलो होतो. माझ्या शेजारी एक बाई, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, डोक्यावर पदर, दूरच्या गावावरून सकाळची बस धरून आलेली. कोणाशी बोलत नव्हती. सारखी बोटांनी पर्च्याची घडी करून राहिली होती आणि उघडून राहिली होती, तेवढ्यात त्यावरचं नाव आणि गाव मी जुळवून वाचलं होतं. तिची बाटली रिकामी झाली. ती उठली, मला म्हणाली, "भैया, ज़रा देखना," आणि पिशवी बाकावर ठेवून नळाकडे गेली. नळ जिन्याच्या पलीकडे, तिथंही लाइन.

ती दिसेनाशी झाली आणि दारातून तिचं नाव आलं.

मी खाली फरशीकडे पाहिलं.

दुसऱ्यांदा नाव आलं. बाकावर कोणी हललं नाही. दारातल्या माणसानं कागदावर पेन टेकवलं, माझ्याकडे पाहिलं. तो मला ओळखतो, सहा मंगळवार पाहतो आहे. त्याच्या डोळ्यांत होतं, चला दादा, आज तुमचं झालं. माझे गुडघे उठायलाही लागले होते. खरं सांगतो, उठायला लागले होते.

"है," मी म्हटलं. माझा आवाज इतका मोठा निघाला की आतून दीदीनं मान वर केली. "पानी लेने गई है. झोला यहाँ रखा है. रुको."

"दादा, लाइन देखो कितनी है."

"रुको बोला ना."

ती आली, बाटलीतून पाणी सांडत, घाबरलेली. पिशवी घेतली आणि आत गेली. दार लागलं. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही, तिला काही माहीतच नव्हतं. छाती अशी उडून राहिली होती की मी दोन्ही हातांनी बाक धरला. मग वही काढली आणि पहिल्या रकान्यात लिहायला घेतलं, काय झालं ते. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते. खोली दीडला बंद होते, आणि कागदावर अजून पाच नावं बाकी होती.